श्रीमुख स्टुडिओतल्या पुटकुळ्या

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालापर्यंत नागपूरच्या महाल भागात कुणाच्याही तोंडावर कधी पुटकुळी आली नाही. पुरावा हवा असेल तर श्रीमुख फोटो स्टुडिओचे त्या काळचे फोटो पाहावेत. उपवर मुली, मॅट्रिक झालेली मुलं, निवृत्त होणारे हेडमास्तर, सगळ्यांची कातडी नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखी. देवीच्या व्रणांनी तोंडाची चाळणी झालेला माणूस श्रीमुखच्या पायऱ्या चढून गेला, की चार दिवसांनी पाकिटात गुळगुळीत होऊन खाली उतरायचा.

हा चमत्कार मागच्या खोलीत व्हायचा. तिथे खिडकीशी एक उतरतं लाकडी डेस्क होतं; मध्ये दुधी काच, खाली आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं डाग भरायचे. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पांढरा दिसतो. तो शेजारच्या कातडीइतका करडा झाला, की माणूस बरा झाला. याला रिटचिंग म्हणत. एक चेहरा बरा करायला गोपिका पौनीकरला वीस मिनिटं लागत. हेडमास्तर असला तर तीस.

गोपिका तीस वर्षांची होती. अकरा वर्षं त्या डेस्कवर बसून तिनं अर्धं शहर बरं केलं होतं, आणि तिच्या स्वतःच्या तोंडावर मात्र नव्या पुटकुळीला बसायला जागा नव्हती. पुटकुळ्या पहिल्यांदा आल्या तेराव्या वर्षी. अठराव्या वर्षी जातील, असं सगळ्यांनी सांगितलं. मग पंचविसाव्या वर्षी जातील, मग लग्न झालं की जातील. पुटकुळ्यांना यातलं कुणी काही कळवलेलं नसावं. गालावर आणि हनुवटीवर त्या लाल, टपोऱ्या, हात लागला तरी ठणकणाऱ्या. एक बसली की दुसरी उठायची, आणि बसलेली जाताना एक खड्डा ठेवून जायची.

स्टुडिओचे मालक आनंदराव साठीचे. श्रीमुखचा मोठा कॅमेरा लाकडी तिपाईवर उभा असे आणि काळ्या कपड्यात डोकं घालून त्यात वाकून पाहावं लागे. आनंदरावांची पाठ त्या वाकण्याला आता तयार नव्हती. गेल्या माघात एका लग्नाच्या जोडप्याला "हलू नका" म्हणून ते काळ्या कपड्यात शिरले, आणि उसण भरल्यामुळे तिथेच राहिले. जोडपं आज्ञाधारक होतं. वीस मिनिटं हललं नाही.

होळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गोपिका डेस्कवरून उठली आणि पुढच्या खोलीत येऊन म्हणाली, "काकाजी, कॅमेरा मले द्या."

"तुले?"

"मले. तुमचा फोकस कुठी चुकते हे अकरा वर्षं मी पाहून राहिली. कोणाच्या कानावर येते, कोणाच्या टोपीवर येते. माह्या हातून नाही चुकणार."

आनंदरावांनी पाठीवरचा हात काढला नाही. "काम येते तुले. मी कुठी नाही म्हणतो? पण पाह्य पोरी, गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की कोणाकडे पाहते? फोटोग्राफरकडे. तुह्या तोंडाकडे पाहून त्याले वाटन, इथून आपलंबी असंच निघते. न्हाव्याच्याच डोक्यात उवा असल्या तं कसं चालन?"

"न्हाव्याच्या डोक्यात कोण पाहते जी?"

"मी पाहतो," आनंदराव म्हणाले. त्यांच्या तोंडावर चेष्टेचा मागमूस नव्हता, कारण ते खरोखरच पाहत. "असं कर. दसऱ्यापर्यंत तोंड साफ कर. कॅमेऱ्याची पूजा तुह्या हातानं. नाही तं कामठीहून रविंद्रले बोलावतो."

श्रीमुखची रीत अशी, की दसऱ्याला ज्याच्या हातून कॅमेऱ्याला झेंडूची माळ पडेल, वर्षभर कॅमेरा त्याचा. आजवर ती आनंदरावांच्याच हातून पडत आली होती, त्यामुळे रीत मोडायचा प्रश्न आला नव्हता. रविंद्र म्हणजे आनंदरावांचा भाचा. कामठीच्या छावणीत जवानांचे ग्रुप फोटो काढायचा. त्याच्या फोटोत मागच्या रांगेतल्या जवानांना डोकी नसत. पण त्याचं स्वतःचं तोंड लोण्यासारखं होतं.

"दसरा ना?" गोपिका म्हणाली. "ठीक आहे जी."

हातात सात महिने होते.

टिमकीत, तिच्या मोहल्ल्यात, औषधांना तोटा नव्हता. नागपुरात रोग एकच, उष्णता. आणि तो ओळखायला शिक्षण लागत नाही. गोपिकेनं ठरवलं, की एकेक उपाय पंधरा दिवस प्रामाणिकपणे करायचा, मग पुढचा. पहिले पंधरा दिवस संत्र्याच्या वाळवलेल्या साली आणि डाळीचं पीठ. पुटकुळ्या होत्या तशाच राहिल्या, तोंडाला वास मात्र छान यायचा. पुढचे पंधरा दिवस जायफळ दुधात उगाळून. त्यानंतर कडुनिंबाचा पाला. तो लावायचाही आणि खायचाही. शेजारच्या शोभाताई रोज अंगणातून विचारायच्या, "कडू लागून राहिलं का वं?" गोपिका हाव म्हणाली की म्हणायच्या, "मंग गुण येतेच पाह्य."

वैशाख आला, गुण आला नाही. तेव्हा बाजारातल्या एका औषधवाल्यानं तिला एक ट्यूब दिली. डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही, नावही सांगितलं नाही. "गोरी करते" एवढंच म्हणाला. ती ट्यूब लावली आणि आठ दिवसांत तोंड साफ. गोपिकेची आई कौसल्याबाई देवापुढे नारळ ठेवून आल्या. आनंदराव चष्मा पुसून म्हणाले, "मंग? आधीच काहून नाही केलं?"

तीन आठवड्यांनी ट्यूब संपली. त्याच आठवड्यात पुटकुळ्या परत आल्या, आणि येताना गावाकडचे नातेवाईक घेऊन आल्या. कपाळावर कधी नव्हत्या, तिथेही. गाल लाल, कातडी पातळ, भाजीची फोडणी टाकली तरी चुणचुणायचं. नारळ परत मागायची सोय नसते. कौसल्याबाईंनी देवाला नुसतंच विचारलं, "काहून गा असं?"

गोपिकेनं रिकामी ट्यूब रुमालात बांधली आणि बुधवारी सकाळी मोठ्या सरकारी दवाखान्याची वाट धरली.

दवाखान्यात तिच्या आजाराचा विभाग शोधायला कष्ट पडले नाहीत. भिंतीवर पाटी होती, 'चर्म व गुप्तरोग विभाग'. तेव्हा दोन्ही आजार एकाच डॉक्टरकडे असत. पेंटरनं 'चर्म व' हे शब्द दाटीनं बसवले होते आणि पुढे भरपूर जागा उरलेली पाहून 'गुप्तरोग' ऐसपैस काढलं होतं. शंभर पावलांवरून फक्त तेवढंच वाचता यायचं.

त्यामुळे रांगेत उभे असलेले लोक एकमेकांकडे न पाहण्यात वाकबगार होते. पुरुषांच्या रांगेत सगळ्यांनी दुपट्टे नाकापर्यंत ओढलेले, स्त्रियांच्या रांगेत पदर. उपयोग काही नव्हता. गोपिका माणसं कपाळावरून ओळखायची. ज्याच्या भुवईवरची जखम आपण तीनदा भरली, तो माणूस दुपट्ट्यानं कसा लपणार? एक बँकेचा कॅशियर होता, एक भजनी मंडळाचा पेटीवाला, आणि एक हेडमास्तर. तीस मिनिटंवाला. गोपिकेनं कुणालाही नमस्कार केला नाही. धंद्याचे काही नियम असतात.

डॉ. ठवरे चाळिशीचे, आवाज बसलेला. त्यांनी तिला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं आणि नीट पाहिलं.

"काय काय लावलं आजपर्यंत?"

गोपिकेनं सांगायला सुरुवात केली. यादीला वेळ लागला. डॉक्टरांनी मध्येच पेन खाली ठेवलं.

"डांबर नाही लावलं?"

"कोणी सांगितलं नाही जी."

मग तिनं ट्यूब दाखवली. डॉक्टरांचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. "ही खाजेची आहे. तोंडाला नाही लावायची. आधी दाबते, मग दुपटीनं वर काढते. पुन्हा घ्यायची नाही." त्यांनी चिठ्ठी लिहिली. "कॅप्सूल दोन वेळा, उपाशीपोटी. पाण्यासोबत. रात्री लोशन. केसांचं तेल कपाळावर येऊ द्यायचं नाही. फोडायचं नाही. तीन महिने."

"अन् खड्डे?"

"आधी नवीन पडणं बंद करू. जुन्यांचं मग पाहू."

"दसऱ्यापर्यंत होईन?"

"दसऱ्याला काय आहे? लग्न?"

"कॅमेरा," गोपिका म्हणाली.

डॉक्टरांनी पुढचा नंबर पुकारला. रांग मोठी होती.

बुधवारी दुपारी ती दवाखान्यातून निघाली, आणि ती टिमकीत पोचायच्या आत बातमी पोचली होती. शोभाताईंनी तिला त्या पाटीखाली पाहिलं होतं. शोभाताई स्वतः त्या बाजूला कशाला गेल्या होत्या, हे कुणी विचारलं नाही. अशा बातम्यांत सांगणाऱ्याचा पत्ता विचारत नाहीत.

कौसल्याबाई दारातच बसल्या होत्या. "कुठी गेली होती वं?"

"दवाखान्यात. तुले सांगून गेली होती."

"कोणत्या खोलीत? लोकं काय काय म्हणून राहिले. तीस वर्षांची बिनलग्नाची पोरगी, अन् त्या पाटीखाली! पुढच्या बुधवारी जायचं नाही."

"जाईन."

"माय वं! लोकं काय म्हणतीन?"

"म्हणायचं ते म्हणून झालं ना आता. जाणं बंद केलं तं बदनामीबी राहीन अन् पुटकुळ्याबी राहतीन. दोनातलं एक तं जाऊ दे." पाय धुता धुता तिनं एवढं सांगितलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी नळावर पाच-सात बायका होत्या. गोपिका आली तशा सगळ्या एकदम पाण्याच्या धारेकडे पाहू लागल्या. गोपिकेनं आपली कळशी ठेवली आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाली, "शोभाताई, बुधवारी संगं जाऊ का? आठ वाजता लाईन लागते. तुमचा नंबर मी धरून ठेवन."

शोभाताईंची बादली भरून वाहत होती. "मले काय झालं वं?"

"मले काय माहीत? तुम्ही तिकडे होत्या म्हणून म्हटलं."

बादली उचलून शोभाताई गेल्या. त्यानंतर कडू लागतं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पहिला महिना औषधानं काहीच केलं नाही. गोपिकेनं एकही कॅप्सूल चुकवली नाही, लोशनला गंधकाचा वास यायचा तरी रोज लावलं, केसांचं तेल सोडलं, आणि फोडायचा मोह झाला की दोन्ही हातांत पेन्सिली धरून बसायची. तरी काही नाही. दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "कॅप्सूल कशासोबत घेता?"

"दुधासोबत," गोपिकेसोबत आलेल्या कौसल्याबाईंनी उत्तर दिलं. पोरगी कुठे जाते हे पाहायला म्हणून त्या आल्या होत्या, आणि पदराखालून सगळा विभाग न्याहाळत होत्या. "इंग्रजी औषध लय गरम पडते साहेब. मी पावशेर दूध दिल्याशिवाय घेऊ देत नाही. मलाई टाकून."

"पाण्यासोबत घ्यायला सांगितलं होतं."

"पाण्यानं शक्ती कुठी येते?"

"दुधासोबत घेतलं तर औषध पोटात जातं आणि दुधातच अडकतं. रक्तात जातच नाही. महिनाभर तुम्ही पोरीला महागाची मलाई खाऊ घातली, बस."

टिमकीच्या वळणावर कौसल्याबाई म्हणाल्या, "साधं पाणी तं पाणी. मी घेऊन बसत जाईन सकाळी." आणि खरंच, दसऱ्यापर्यंत रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन त्या उशाशी बसल्या, कॅप्सूल घशाखाली उतरल्याशिवाय उठल्या नाहीत. नळावर कुणी काही बोललं, तर "मी स्वतः पाहून आली तिथी, चांगली चांगली लोकं असतात" असं सांगू लागल्या. कोण कोण, हे गोपिकेनं त्यांना सांगितलं नव्हतं.

पाण्यासोबत औषध लागू पडलं. श्रावणात उजवा गाल शांत झाला. नवीन पुटकुळी आठवड्याला एखादी यायची, तीही संकोचून.

त्याच सुमारास डॉक्टरांना कळलं, की ही बाई फोटो स्टुडिओत आहे. शिकणाऱ्या मुलांना दाखवायला त्यांना सहा पेशंटचे फोटो हवे होते. आनंदरावांना हे कळलं तेव्हा ते पाठदुखी विसरून सायकलरिक्षात कॅमेरा घालून निघाले. दवाखान्याचं काम म्हणजे मान. सहाही जणांना त्यांनी खुर्चीवर नीट बसवलं, केस विंचरायला लावले, आणि "थोडं हसा" म्हणून सांगितलं. एकाच्या गालावर नागीण होती. त्यालासुद्धा.

निगेटिव्ह तयार झाल्या. गोपिका म्हणाली, "काकाजी, यांना हात लावायचा नाही. डॉक्टर साहेबांना रोगच पाहायचा आहे."

"हो ना, हो," आनंदराव म्हणाले.

पुढच्या बुधवारी दवाखान्यासाठी गोपिकेची सुट्टी होती. नेमक्या त्या वेळी आनंदराव काही कामानं मागच्या खोलीत गेले, आणि काचेवर पडलेली पहिली निगेटिव्ह त्यांनी पाहिली. तीस वर्षांत श्रीमुखमधून डागाळलेलं तोंड बाहेर गेलं नव्हतं. डॉक्टरांना औषधातलं कळतं; फोटोतलं त्यांना काय कळणार? वर स्टुडिओचा शिक्का पडायचा. आनंदराव डेस्कवर बसले. बसण्यात पाठ दुखत नाही. त्यांनी पेन्सिलीचं टोक काढलं, आणि गोपिका नव्हती त्या जागी दिवसभर बसून सहाही जणांना बरं केलं. संध्याकाळी स्वतःच छापले, पाकिटात घालून चिकटवले, आणि दुसऱ्या दिवशी गोपिका म्हणाली, "मी नेऊन देते," तर म्हणाले, "ने. अन् सांग, आनंदरावनं स्वतः लक्ष घातलं."

डॉक्टरांनी पाकीट तिच्यासमोरच उघडलं. पहिला फोटो पाहिला. दुसरा पाहिला. मग सहाही टेबलावर मांडले. सहा हसरे, गोंडस लोक डॉक्टरांकडे पाहत होते.

"हे माझेच पेशंट?"

गोपिकेनं वाकून पाहिलं. "हाव जी. तुमचेच."

"याला नागीण होती."

"होती."

"आता मिशी आहे फक्त."

"हाव."

"दोन वर्षं झाली, हिचे चट्टे जात नाहीत." डॉक्टरांनी चौथा फोटो उचलला. "कोणतं औषध दिलं?"

"टू-बी पेन्सिल, डॉक्टर साहेब."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "सोमवारी चाळीस मुलं समोर असतील. त्यांना मी हे दाखवून विचारू, की सांगा बरं, या माणसाला काय झालंय?"

"शनिवारी देते. खरे देते."

"शनिवारी, बाई. मग मला वेळ नाही."

गोपिका स्टुडिओत आली ती थेट मागच्या खोलीत. आनंदराव मागोमाग आले, तारीफ ऐकायला. तिनं कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पहिली निगेटिव्ह काचेवर ठेवली आणि हळूच पुसली. पेन्सिलीचं काम असंच निघतं. खाली फोटो असतो तसाच राहतो.

"अवं, काय करून राहिली? बिचाऱ्याले पुन्हा झालं!"

"त्याले होतंच जी."

"त्या कानापाशी पाह्य, किती बारीक काम होतं! एक तास लागला होता मले." आनंदराव जवळजवळ रडकुंडीला आले. गोपिकेनं बोळा बाजूला ठेवला आणि ती निगेटिव्ह उजेडाकडे धरून नीट पाहिली.

"लय बारीक आहे काकाजी. खरं सांगते. माह्या हातून असं होत नाही. पुसताना जीवावर येऊन राहिलं." आणि पुसली.

सहा आजार संध्याकाळपर्यंत परत आले. शनिवारी डॉक्टरांनी चार ठेवले, दोन परत केले. आनंदरावांनी उजेड थेट समोरून घेतला होता, सगळ्यांचाच घेत तसा. समोरच्या उजेडात डागाचा रंग दिसतो, उंची नि खोली दिसत नाही. "एका बाजूनं उजेड पाहिजे," डॉक्टर म्हणाले, "आणि हसवणारा माणूस नको. तुम्हीच या."

आनंदरावांची पाठ पुन्हा धरली होती, आणि दवाखान्याचा मान तर सोडायचा नव्हता. त्यांनी कॅमेरा रिक्षात चढवून दिला. "फक्त याच कामापुरता," असं तीनदा बजावलं.

त्याच दुपारी दवाखान्यातल्या खोलीत गोपिकेनं एक खिडकी बंद केली, एक उघडी ठेवली. गालावर जाड चट्टे असलेली एक पारशिवनीची बाई पदर सोडायला तयार नव्हती. गोपिका काळ्या कपड्यातून बाहेर आली आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली. बाईनं तिचं तोंड पाहिलं.

"तुमचंबी इथीच चालू आहे का?"

"हाव. बुधवारी."

बाईनं पदर खांद्यावर टाकला. त्यानंतर सोमवारचा वर्ग पार पडला आणि डॉक्टरांनी आणखी आठ जणांचे फोटो सांगितले.

भाद्रपद संपता संपता गोपिकेची शेवटची पुटकुळी हनुवटीखालून निघून गेली. लाल डाग विटले. राहिले खड्डे. डाव्या गालावर सात खोल, उजव्यावर चार, आणि बारीकसारीक मोजत बसण्यासारखे नव्हते. तिनं डॉक्टरांना विचारलं.

"उथळ आहेत ते वर्षा-दोन वर्षांत थोडे भरतील," ते म्हणाले. "खोल राहतील. मुंबईला मशीननं घासून काढतात. पण आपल्या रंगावर कधी कधी काळा डाग राहतो, मग तो खड्ड्यापेक्षा वाईट. मी जा म्हणणार नाही. जाऊ नका असंही म्हणणार नाही."

"म्हणजे हेच तोंड."

"हेच. पण आता नवीन पडणार नाहीत. गोळ्या मी हळूहळू कमी करतो. तरी येत राहा, परत आल्या तर लवकर या."

गोपिका विभागातून बाहेर पडून पायऱ्यांवर थोडा वेळ बसली. अकरा वर्षं ज्याला वीस मिनिटं लागत होती, ते सात महिन्यांत पूर्ण झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं. मग तिनं चपला घातल्या. दुपारी गिऱ्हाईक होतं.

दसऱ्याच्या सकाळी श्रीमुखच्या पुढच्या खोलीत झेंडूची माळ ताटात तयार होती. रविंद्र नवा बुशकोट घालून कामठीच्या पहिल्या बसनं आला होता आणि पेढ्यांच्या जवळ उभा होता. आनंदरावांनी गोपिकेला खिडकीशी उभं केलं, चष्म्यावर भिंग धरलं आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तिची तपासणी केली.

"पुटकुळी एकबी नाही," ते म्हणाले. "कमाल झाली." मग भिंग डाव्या गालावर थांबलं. "पण खड्डे आहेत."

"आहेत."

"मंग तोंड साफ कुठी झालं?"

"साफ झालं. सपाट नाही झालं. होणारबी नाही, डॉक्टर साहेबांनी सांगितलं. औषधानं जे जाते ते सगळं गेलं काकाजी. आता याच्यापुढं माह्या हातात काही नाही."

आनंदरावांनी रविंद्रकडे पाहिलं. लोण्यासारखं तोंड. तोंडात पेढा. "तुले मी मागच्या खोलीतून काढून राहिलो का? तुही जागा आहेच ना."

"मागच्या खोलीत मी उद्यापासून बसणार नाही," गोपिका म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कॅमेरा नसन तं श्रीमुखबी नाही. पेन्सिली डेस्कवर ठेवल्या आहेत. टोक काढून ठेवलं."

"अवं, असं कसं? मंग रिटचिंग कोण करन? हा?"

रविंद्रनं पेढा गिळला. "मामाजी, मले नाही जमत ते. डोळे दुखतात."

"तुम्ही करान," गोपिका म्हणाली.

"मी?"

"वाकणं होत नाही तुमच्यानं. बसणं होते. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले होते तुम्ही, अन् पाठीचं नाव काढलं नाही. अन् हात असा, की खुद्द डॉक्टरले वाटलं आपले पेशंट बरे झाले."

आनंदराव भिंगाची काच धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. तीस वर्षं ते कॅमेऱ्याचे मालक होते. त्यांच्या हाताबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "ते नागिणीचं... ते जमलं होतं ना?"

"लय जमलं होतं जी."

"दुखणं कुठी होतं, हे सापडलं होतं का तुले?"

"मले आधी माहीत होतं म्हणून सापडलं. नाही तं नसतं सापडलं."

आनंदरावांनी ताट उचललं आणि तिच्याकडे धरलं. "टाक माळ. पण गिऱ्हाईक पळालं तं मी बाहेर येईन हो, सांगून ठेवतो."

"पळालं तं या."

गोपिकेनं माळ कॅमेऱ्याला घातली, हळद-कुंकू वाहिलं. रविंद्रनं मोकळ्या मनानं आणखी दोन पेढे घेतले आणि परतीची बस पकडली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास सावनेरचे एक कापसाचे व्यापारी आले. देवराव नाव. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, तोंडभर खड्डे. त्यांनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं.

"फोटोग्राफर कुठी आहे?"

"मीच आहे जी. बसा."

देवरावांनी तिच्या गालाकडे पाहिलं. तिनं पाहू दिलं. ते खुर्चीवर बसले, टोपी काढली, पुन्हा घातली. मग खासगी आवाजात म्हणाले, "माहे खड्डे फोटोत येतीन का?"

"उजेड बाजूनं घेतला तं सगळे येतीन. समोरून घेतला तं कमी. बिलकूल नको असतीन तं आत काकाजी बसले आहेत, ते सगळे भरून देतात. कसा पाहिजे?"

देवराव विचारात पडले. "मागच्या वेळी सगळे भरले होते. घरचे म्हणे, हा कोण पाहुणा?" त्यांनी टोपी सारखी केली. "आरधे ठेवता येतीन का?"

"येतीन ना. कोणते आरधे, ते काकाजीले सांगा." गोपिकेनं खिडकीचं एक दार लोटून घेतलं, काळा कपडा डोक्यावर ओढला आणि आतून तिचा आवाज आला.

"हनुवटी थोडी खाली. हसायची गरज नाही. आता हलू नका."